गाडीची कंबर का बसली?



आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत ते व्याख्यान द्यायला नव्हे. आम्ही कोणी मोठे इंजिनिअर नाही. आम्ही चौघे शेतकरी. चौघांत मिळून एक जुनी ओम्नी गाडी आहे. त्या गाडीने आम्हांला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो तुमच्या कानांवर घालावा, एवढाच आमचा हेतू.

तुम्ही म्हणाल, गाडी तुमची, धडा तुमचा. आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या भागात गावोगावी ओम्नी आहेत. कोणी भाजी नेतो, कोणी दूध नेतो. रात्री-अपरात्री कोणाचे दुखले-खुपले तर हीच गाडी धावून येते. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन या नावाने निघाली. १९८८ साली तिचे नाव ओम्नी झाले. २०१९ साली ती बनवणे थांबले. म्हणजे आज रस्त्यावर जी जी ओम्नी दिसते, ती जुनी झालेलीच आहे. माणूस जुना झाला की कंबर आधी कुरकुरते. गाडीचेही तसेच आहे.

गाडीची कंबर म्हणजे तिचा मागचा भाग. ओझे सारे मागे. गोणी मागे, माणसे मागे. आणि ते ओझे ज्याच्यावर टेकते ते आपल्याला वरून दिसत नाही. जे दिसत नाही, त्याच्याकडे आपण बघत नाही. आमचेही असेच झाले.

आधी गाडीच्या खाली काय आहे ते सांगतो. मग आमची गोष्ट सांगतो.

बैलगाडीत बसून दगडाधोंड्यांतून गेलात, तर प्रत्येक धक्का थेट मणक्याला लागतो. कारण आस आणि साटा यांच्यामध्ये लवणारे काही नाही. टांग्याला मात्र कमानी असत. म्हणून टांग्यात बसलेल्या माणसाला धक्का कमी लागे. ओम्नीच्या मागच्या चाकांवर तशाच कमानी आहेत. आपण त्यांना पाटे म्हणतो.

गाडीच्या मागे जाऊन वाकून पाहा. दोन चाकांच्या मध्ये एक जाड लोखंडी नळकांडे आडवे दिसेल. मध्ये त्याला गोल फुगवटा आहे. मिस्त्री लोक त्याला हौसिंग म्हणतात. आपण त्याला मागचा आस म्हणू. आसाच्या दोन्ही टोकांकडे, चाकाच्या आतल्या अंगाला, पाट्यांचा एकेक जुडगा आहे. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या, एकीला एक लावून रचलेल्या. त्यांतली सर्वांत लांब पट्टी म्हणजे मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल गुंडाळून त्यांचे डोळे केलेले असतात.

पुढचा डोळा गाडीच्या अंगाला पिनेने अडकवलेला असतो. मागचा डोळा शॅकलमध्ये असतो. शॅकल म्हणजे दोन छोट्या पात्यांचा झोका. झोका कशाला? पाटा ओझ्याने दबला की त्याची कमान सरळ होते. कमान सरळ झाली की पाटा लांब होतो. त्या वाढलेल्या लांबीला सरकायला जागा पाहिजे. म्हणून मागचे टोक झुलते ठेवले. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून डोळ्यांमध्ये रबराचे बुश घातलेले असतात.

आता मधला भाग. पाट्यांच्या जुडग्यातून एक बोल्ट आरपार जातो. तो सेंटर बोल्ट. त्याचे डोके आसावरच्या भोकात बसते. त्यामुळे आस पुढे-मागे सरकत नाही. मग घोड्याच्या नालासारखे दिसणारे यू बोल्ट पाटे आणि आस यांना एकत्र आवळून धरतात.

राहिला शॉकअप. तो सायकलच्या पंपासारखा दिसतो. आत तेल असते. प्रत्येक बाजूला एक.

आता आमचे एक वाक्य घट्ट लक्षात ठेवा. पाटा ओझे झेलतो, शॉकअप हेलकावे थांबवतो. दोघांची कामे वेगळी. हे वाक्य आम्हांला आधी ठाऊक असते, तर आमचे पैसे वाचले असते. पुढे जे घडले तेही कदाचित टळले असते.

आता गोष्ट ऐका.

आम्ही गाडी घेतली तेव्हा आमच्यातले थोरले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रात्रीच्या वर्गाला जात होते. नुकतेच आकडे लिहायला शिकले होते. हाताला चैन नव्हती. दिसेल ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. विहिरीचे पाणी किती हात, म्हशीचे दूध किती लिटर. गाडी दारात आली, तर टेप घेऊन गाडीही मोजली. मागच्या चाकांवर मडगार्डची जी कमान असते, तिथपर्यंत जमिनीपासून उंची किती? वहीत लिहिले: डावी ५९, उजवी ५९. सेंटिमीटर.

आम्ही हसलो. म्हटले, "अण्णा, गाडी काय वाढणार आहे का?"

अण्णा म्हणाले, "वाढणार नाही, पण लिहायला काय जातंय?"

दर महिन्याच्या एक तारखेला ते मोजायचे. आम्ही आमच्या कामाला लागलो. कांद्याच्या गोणी भरू लागलो. एक गोण ५० किलोची. आधी आठ गोणी. मग दहा. मग एकदा पंधरा गोणी घातल्या, आणि गाडी गेली. गेली म्हणून पुढच्या खेपेलाही पंधरा. हिशोब तुम्हीच करा. पंधरा गोणी म्हणजे ७५० किलो. वर आम्ही दोघे, १३० किलो धरा. झाले ८८० किलो. आणि रिकाम्या ओम्नीचे स्वतःचे वजन ८०० किलोच्या आसपास. म्हणजे आम्ही गाडीच्या पाठीवर दुसरी गाडी बसवत होतो. बैलाच्या बाबतीत असे केले असते, तर बैल खाली बसला असता आणि आपल्याला कळले असते. गाडी बिचारी मुकाट चालत राहिली.

काही महिन्यांनी गाडी डावीकडे कलल्यासारखी दिसू लागली. समोरून कोणी आले की आपण डावी चाके डांबराखाली उतरवतो. सगळे खड्डे, सगळे दगड डाव्या बाजूला. म्हणून डावी बाजू आधी दमते. आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मागचे शॉकअप गेलेत. जोडी टाका, गाडी उभी राहील." आम्ही जोडी घेतली, बसवून घेतली. गाडी कमी उसळू लागली, हे खरे. पण डावीकडचा कल होता तसाच राहिला. कसा जाईल? ओझे झेलणारा पाटा खचला होता, आणि आम्ही बदलले शॉकअप. दुखणे गुडघ्याला आणि लेप कोपराला!

मग मागून "खट खट" आवाज येऊ लागला. खड्डा आला की खट. ब्रेक दाबला की खट. आम्ही म्हणालो, जुनी गाडी आहे, बोलणारच. एक-दोन महिने तो आवाज आम्ही ऐकून न ऐकल्यासारखा केला.

आषाढाचा महिना होता. रात्री दहाचा सुमार. आमच्या शेजारच्या घरातली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या कळा सुरू झाल्या. तालुक्याचा दवाखाना २२ किलोमीटर, मध्ये छोटा घाट. गाडीत ती, तिची आई, गावच्या आशाताई, आणि आमच्यातले दोघे. पाऊस पडत होता.

घाट उतरताना गाडीची शेपटी डावीकडे सरकली. आम्ही स्टिअरिंग सावरले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पुढे गाडी सरळ ठेवायची तर स्टिअरिंग डावीकडे धरून ठेवावे लागे. चाक सोडले की गाडी उजवीकडे जायला बघे. कुत्रे तिरके पळते ना, तशी गाडी चालली होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मागे ती पोर कण्हत होती. तिची आई एकच विचारत होती, "दादा, किती राहिलं?"

आमच्या हाताला घाम फुटला. पुढे जावे तर गाडीचा भरवसा नाही. थांबावे तर पोरीचे काय? शेवटी आम्ही गाडी डोंगराच्या अंगाला लावली आणि थांबलो. आशाताईंनी फोनवरून १०८ ची गाडी बोलावली. ती यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात दुधाचा टेम्पो खालून वर येत होता. तो थांबला, वळला, आणि त्याने तिघींना नेले. पहाटे पोरगी झाली. दोघी सुखरूप. आज ती लहानगी अंगणवाडीत जाते. पण त्या रात्री घाटात आम्ही जे पाऊण तास उभे होतो, ते आम्ही जन्मात विसरणार नाही.

सकाळी मिस्त्रींना घेऊन गाडीपाशी गेलो. तालुक्यातले जुने मिस्त्री. फार बोलत नाहीत. ते चिखलात आडवे झाले, बॅटरी मारली, आणि म्हणाले, "पाटा तुटलाय. सेंटर बोल्टही तुटलाय. तुमचा आस सरकला." मग त्यांनी टेप मागितला. पुढची चाके सरळ करून त्यांनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजले. उजवीकडे १८४ सेंटिमीटर. डावीकडे १८६. ओम्नीच्या दोन्ही बाजू १८४ पाहिजेत. डावे चाक दोन सेंटिमीटर मागे गेले होते. आस तिरका झाला, म्हणून गाडी तिरकी चालली.

हे कसे झाले? मिस्त्रींनी उलगडून सांगितले. जास्त ओझ्याने पाटे खचले. धक्क्यांनी यू बोल्ट सैल झाले. यू बोल्ट सैल झाले की पाटा मधोमध हलू लागतो. जिथे सेंटर बोल्टचे भोक असते तिथे पाटा मुळात कमजोर. तिथेच तो तुटतो. मग सगळा ताण सेंटर बोल्टवर. तोही तुटला. आता आसाला धरायला कोणी नाही. तो सरकला. दोन महिने जी खटखट येत होती, ती ही होती.

संध्याकाळी अण्णांनी वही काढली. पहिला महिना: डावी ५९, उजवी ५९. चौथा महिना: डावी ५८, उजवी ५९. सातवा महिना: डावी ५६, उजवी ५८. नववा महिना: डावी ५४, उजवी ५८. सगळे लिहिलेले होते. तारखेवार होते. आमच्यातला कोणी ते वाचले नव्हते. आणि अण्णा म्हणाले, "मी नुसतं लिहीत गेलो. मागचं पान उलटून बघितलं नाही." मंडळी, त्या दिवशी आम्हांला अक्षराची किंमत कळली. लिहिणे अर्धे काम. लिहिलेले वाचणे आणि त्यावरून काही करणे हे उरलेले अर्धे.

आता तुमच्या गाडीची परीक्षा कशी करायची ते सांगतो. याला पैसा लागत नाही. टेप, बॅटरी आणि पहार, एवढे पुरे.

पहिली परीक्षा उंचीची. गाडी रिकामी करा. सपाट जागेवर उभी करा. चारही चाकांत हवा नीट भरा, नाहीतर माप चुकेल. मागच्या दोन्ही चाकांवर मडगार्डच्या कमानीची उंची मोजा. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. एक बाजू बोटभर किंवा जास्त खाली असेल तर पाट्याकडे बघा. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील, तर नुसता फरक पाहून कळणार नाही. म्हणून आधीपासून लिहून ठेवायचे.

दुसरी परीक्षा शॉकअपची. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार द्या, दोन-तीनदा दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन एका हेलकाव्यात थांबली तर शॉकअप बरा. पाळण्यासारखी झुलत राहिली तर शॉकअप गेला. मग शॉकअपच्या अंगावर बॅटरी मारा. नुसता तेलकट ओलावा असेल तर काळजी नको. तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसला असेल, तर आतले तेल बाहेर आले असे समजा. टायरवरून हात फिरवा. जागोजागी खोलगट झिजला असेल, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारते आहे. तीही शॉकअपचीच खूण.

तिसरी परीक्षा बुशाची. पाट्याच्या डोळ्याजवळ पहारीचे टोक घाला आणि हलकेच उचकटा. जोर करू नका. डोळा आणि पिन यांच्यात खेळ दिसला, रबर फाटून बाहेर आले असेल, किंवा लोखंडावर लोखंड घासून चकाकी आली असेल, तर बुश संपले. मागची शॅकल एका बाजूला कललेली दिसली तरी तेच.

चौथी परीक्षा पाट्यांची. तारेच्या ब्रशाने चिखल आणि गंज झाडा. मग एकेक पाटा नीट बघा. यू बोल्टांच्या जवळ आणि डोळ्यांच्या जवळ जास्त बघा. केसाएवढी तांबूस रेघ दिसली तरी ती तडा आहे असे समजा. यू बोल्टचे नट पान्याने तपासा. सैल नट सहज फिरेल.

पाचवी परीक्षा सरळपणाची. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना. पुढची चाके मात्र अगदी सरळ पाहिजेत. दोन्ही मापे जुळली नाहीत, तर गाडी हलवू नका. मिस्त्री बोलवा.

परीक्षा झाली. आता बदलायचे कसे? हे काम आम्ही मिस्त्रींच्या हाताखाली केले. तुम्हीही पहिल्यांदा जाणत्याच्या हाताखालीच करा. पण काय चालले आहे ते कळले पाहिजे. कळले तर कोणी चुकीचे केले तर लक्षात येते.

सर्वांत आधी जीव. हा मुद्दा नीट ऐका. ओम्नीचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. आणि इंजिनची ताकदही मागच्याच चाकांना जाते. म्हणजे गिअर टाकला तरी तो मागची चाके धरतो. मागची चाके हवेत उचलली, की हँडब्रेकही निकामी आणि गिअरही निकामी. गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा. जागा सपाट आणि कठीण पाहिजे. शेतातल्या मातीत जॅक रुततो.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅकने गाडी उचला. उचलली की लगेच गाडीच्या भक्कम भागाखाली, पाट्यांच्या पुढच्या टोकाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. एक मिनिटही नाही. विटा रचून टेकू देऊ नका. सिमेंटचे पोकळ ठोकळे तर मुळीच नाहीत. ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. काढलेली चाके गाडीच्या अंगाखाली आडवी सरकवून ठेवा. काही चुकले तर गाडी माणसावर न पडता चाकावर पडेल.

दुसरा जॅक आसाखाली लावा. पाटे सुटल्यावर आस लोंबकळता कामा नये. तो लोंबकळला तर ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. ती नळी तुटली तर ब्रेक गेला.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा. सकाळी तारेचा ब्रश मारा. मग रिंगपाना लावा. सैल बसणारा पाना लावू नका. नटाचे कोपरे झिजले की काम दुप्पट वाढते.

आता क्रम. आधी शॉकअपचा खालचा नट, मग वरचा. शॉकअप बाजूला. मग यू बोल्टचे नट आणि त्यांची पट्टी. मग मागची शॅकल. शेवटी पुढची पिन. पाट्यांचा जुडगा जड असतो, म्हणून दोघांनी धरून खाली घ्या. काढलेला प्रत्येक नट आणि वायसर परातीत क्रमाने मांडा. आम्ही कागदावर आकडे घालून मांडले होते: १, २, ३. बसवताना उलटे वाचत गेलो. एकही वायसर उरला नाही.

पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे बदला. शॉकअपही जोडीनेच. एक पाय नवा आणि एक जुना असला, तर चाल लंगडीच राहणार.

इथे एक जण म्हणाला, "कशाला नवा घ्यायचा? तुटलेला पाटा वेल्डिंग करून टाकू." आमच्या गावचे लोहारदादा तिथेच उभे होते. तेच म्हणाले, "असं करू नका." विळ्याला पाणी देतात हे तुम्हांला ठाऊक आहे. पाणी दिलेल्या पोलादात ताकद असते. तोच विळा पुन्हा लाल केला आणि तसाच निवू दिला, तर धार राहत नाही. पाट्याची लवचीकताही तशीच दिलेली असते. वेल्डिंगची आग लागली की त्या जागेची लवचीकता गेली. आज जोडलेला पाटा उद्या शेजारीच तुटतो. जुन्या पाट्याचा कोयता करा. कोयता उत्तम होतो. पण तो परत गाडीला लावू नका.

एकाने दुसरी युक्ती सुचवली. "एक पाटा जादा टाकू, म्हणजे वीस गोणी जातील." मिस्त्री हसले. म्हणाले, "पाटा जादा टाकाल. ब्रेक जादा टाकाल का? टायर, आस, बेअरिंग जादा टाकाल का?" एक जागा मजबूत केली, की ओझे दुसरी कमजोर जागा शोधते.

आता बसवायचे. नव्या रबरी बुशाला ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावू नका. त्याने रबर फुगते आणि कुजते. साबणाचे पाणी लावा. बुश सरकून बसते, पाणी वाळून जाते. आधी पुढची पिन, मग मागची शॅकल. नट हातानेच फिरवून ठेवा, आवळू नका. मग आसाखालचा जॅक कमी-जास्त करून सेंटर बोल्टचे डोके आसावरच्या भोकात नेमके बसवा. भोकात बसल्याची खात्री डोळ्यांनी करा. अंदाजाने नको. मग यू बोल्ट घाला. यू बोल्ट आणि नट नवेच घ्या. एकदा ताणलेला जुना यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. आवळताना एकच नट पूर्ण आवळू नका. थोडा हा, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले. खाटेची दोरी आपण सगळीकडून सारखी ताणतो ना, तसे. किती जोराने आवळायचे याचा आकडा गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेला असतो. चांगल्या मिस्त्रीकडे तो जोर मोजणारा पानाही असतो.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरा. चार-पाचदा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. दुकानात आडवा पडून त्यात हवा मिसळलेली असते. ती निघून जाते. दाबताना सारखा जड लागला की बसवा.

आता शेवटची गोष्ट. पुष्कळ जण इथेच चुकतात. पिनेचे आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. चाके लावा, स्टँड काढा, गाडी जमिनीवर टेकवा. मागचा भाग दोन-चारदा दाबून हलवा. पाटे आपल्या जागी बसू द्या. मग ते नट पक्के आवळा. असे का? हवेत असताना पाटा जास्त वाकलेला असतो. त्या स्थितीत आवळले तर रबर तिथेच चिकटून बसते. गाडी खाली आली की रबराला पीळ पडतो. पीळ पडलेले रबर लवकर फाटते. नवे बुश सहा महिन्यांत गेले अशी पुष्कळांची तक्रार असते. दोष बुशाचा नसतो, आवळण्याचा असतो.

काम संपल्यावर रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक तपासा. दोन्ही मापे पुन्हा घ्या. आमची मापे आली: उंची ५९ आणि ५९. लांबी १८४ आणि १८४. अण्णांनी ती वहीत लिहिली. यावेळी आम्ही चौघांनी वाचली. काही शे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घेतले. नवे पाटे बसतात तशी थोडी ढिलाई येते, म्हणून.

खर्च झाला. एका हंगामातल्या कांद्याच्या नफ्याचा बराच भाग त्यात गेला. आम्ही हिशोब केला. पंधरा गोणी भरून आम्ही जेवढ्या खेपा वाचवल्या होत्या, त्यांच्या पेट्रोलपेक्षा दुरुस्ती महाग पडली. आणि त्या रात्रीचा हिशोब तर पैशांत होतच नाही. आता आम्ही आठ गोणींवर नववी घालत नाही. आठ गोणी ४०० किलो आणि आम्ही दोघे. दोन खेपा झाल्या तर दोन.

तुमच्या गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि किती माणसे बसायची तो आकडा छापलेला आहे. आज घरी गेल्यावर आरसी काढा. स्वतः वाचा. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. तुम्हांला आता वाचता येते.

जाता जाता पाच गोष्टी सांगतो. एक, गाडी कलली तर पाटा बघा, गाडी उसळली तर शॉकअप बघा. दोन, खटखट आवाज आला की त्याच आठवड्यात गाडीखाली बघा. तीन, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. चार, पाटे आणि शॉकअप जोडीने बदला. पाच, महिन्याच्या एक तारखेला मापे लिहा, आणि मागच्या महिन्याचे पान उलटून पाहा.

परवा ती शेजारची लेक माहेरी आली होती. पोरीला कडेवर घेऊन आमच्या अंगणात आली. अण्णा गाडीपाशी टेप धरून बसले होते. पोरीने टेपचे दुसरे टोक धरले आणि सोडीना. अण्णा म्हणाले, "धर गं बाई, नीट धर. आकडा चुकला नाही पाहिजे."

बसतो आता. राम राम.